दगडांचे पाणी

मुटुपने बांधातल्या दाऱ्याचा चपटा दगड उपसून बाजूला टाकला, त्यामागची ढेकळे पायाने सारली, आणि पाटाचे पाणी क्षणभर थबकून उजवीकडे वळले. उजवीकडे शेत नव्हते. वाफा नव्हता, वाळुंजाचे झाडही नव्हते. डोंगराच्या तोंडापासून गावापर्यंत पंख्यासारखे पसरलेले नुसते दगड होते. मुठीएवढे, डोक्याएवढे, काही बसलेल्या बैलाएवढे. वरच्या हिमनदीचे ताकासारखे गढूळ पाणी त्यांच्यात शिरले, थोडे पुढे गेले आणि दिसेनासे झाले.

"आणखी एक दारं मोडू का, आगूले?" कुंझेसने विचारले.

"मोड. पण फावडं नीट धर. शाळेत खडू धरतेस तसं नको."

तिने हसून पकड बदलली. सातू कापून, मळून कोठारात गेला होता. तिची सुट्टी संपत आली होती आणि ती लवकरच कारगिलला, आपल्या शाळेत शिकवायला परत जाणार होती. सुगी संपली की रुमथांग गावातले सगळे फावडी भिंतीला टेकवत, आणि नेमके तेव्हा मुटुप आपले उचलत असे. कुणाच्याच पिकाला नको असलेले हे पाणी पाट गोठेपर्यंत तो दगडांवर सोडत राही.

पायवाटेने पालदन गाढवे हाकत वर येत होता. गाढवांच्या पाठीवर सिमेंटची पोती होती.

"जुले, आगूले! दगडं उगवली का यंदा?"

"उगवली की पहिला तुझ्याच डोक्यात घालीन, थांब."

"डोक्यात नको, दारात आणून टाका. टाकीची शेवटची भिंत बांधायचीय." पालदनने पुढच्या गाढवाला थोपवले. "खरं सांगू का? माझ्या टाकीत सोडलंत तर निदान डोळ्याला दिसेल तरी. हे म्हणजे चाळणीत दूध ओतणं झालं."

"चाळणीखाली भांडं कुणी धरलंय ते बघ ना आधी."

"कुणी धरलंय?"

"मला काय ठाऊक! मी वरून ओततो."

पालदन मान हलवत, हसत पुढे गेला. माणूस वाईट नव्हता. वरच्या घरांसाठी तो स्वतः राबून टाकी बांधत होता. पेरणीच्या दिवसांत त्याच्या आईने पाठीवर डबे बांधून किती लांबून पाणी वाहिले होते, ते त्याने लहानपणी पाहिले होते.

दोघांनी थर्मासमधला मिठाचा चहा घेतला. मुटुप एका मोठ्या दगडाला पाठ टेकून वर बघत बसला. त्याच्या तरुणपणी हिमनदीची जीभ काळ्या कड्याच्या खाली उतरत असे. आता ती कड्यामागे आखडून बसली होती. उन्हाळ्यात पाणी मात्र पूर्वीपेक्षा जास्त येत होते.

"म्हातारी जायच्या आधी सगळं वाटून टाकतेय," तो म्हणाला. "देतेय तोवर घेऊन ठेवावं. आणि ठेवायचं कुठं? जमिनीसारखं कोठार नाही. चोर नाही, उंदीर नाही."

"बाष्पीभवन नाही."

"ते जे काय असेल ते पण नाही."

कुंझेसने याबद्दल वाचले होते, आणि एका हिवाळ्यात त्यालाही वाचून दाखवले होते: वितळलेले बर्फ गोट्यांमधून, वाळूमधून खाली उतरते, महिनोन्‌महिने अंधारात चालते आणि कुठेतरी खाली झरा होऊन वर येते. रुमथांगच्या खालच्या घरांपाशी असा झरा होता. वरून जाताना ताक असलेले पाणी तिथे काचेसारखे निवळ होऊन येई. ऐन थंडीतही तो गोठत नसे. त्याच्यावर वाफ धरलेली असे. आणि पेरणीच्या वेळी, वरचे बर्फ अजून लोखंडासारखे कडक आणि पाट कोरडा असताना, खालच्या घरांची शेते त्या एका झऱ्यावर ओली होत. मुटुपने सगळे शांतपणे ऐकून घेतले होते आणि विचारले होते, "छापलंय असं? मग बरोबर लिहिलंय त्यानं."

पुस्तकालाच शाबासकी मिळाली होती.

उन्हे कलली तशी त्याने तिला पुढे पिटाळले. "तू हो पुढं. चूल पेटव. शेवटचं दारं बघून आलोच मी."

तो आला, थुक्पा जेवला, "मीठ कारगिलला विसरून आलीस की काय?" म्हणाला, आणि तरी आणखी एक वाडगा मागून घेतला. मग बुटांत शिरलेले खडे दारात झटकून तो आपल्या खोलीत गेला. सकाळी कुंझेसने चहा नेला तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून निजला होता. तिने हाक मारली. तो वळला नाही.

*

मरणाच्या कामाला घरच्यांनी हात लावायचा नसतो. एकाच कुलदेवतेची घरे धावून आली आणि त्यांनी चूल, कोठार आणि मुटुप असे सगळेच ताब्यात घेतले. कुंझेसला एका कोपऱ्यात बसवण्यात आले. बायका येत, तिच्या हातात गरम भाकरी ठेवत, कपाळाला कपाळ लावत आणि जात. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते, आणि ते कुणाच्या नजरेतून सुटले नव्हते. दहनाची लाकडे वाहून न्यायला पालदन सर्वांत पुढे होता.

पोथी उघडण्याआधी लामांनी मृताचे नाव विचारले.

"मुटुप."

"तुझे कोण?"

"आगू," ती म्हणाली.

लामांनी मान हलवली आणि पान उलटले. कुंझेसने बाहीचा एक सुटा दोरा बोटाला गुंडाळला, इतका घट्ट की बोटाचे टोक पांढरे झाले.

तिच्या आईने दोघा भावांशी लग्न केले होते. त्या पिढीत रुमथांगच्या बऱ्याच घरांत तसेच होते. शेत एक, चूल एक, भाऊ दोघे आणि त्यांची बायको एक. म्हणजे वाटण्या होऊन शेताचे तुकडे पडत नसत. शेत थोरल्याच्या नावावर असे. घरात जन्मलेले मूल थोरल्याला आबा, म्हणजे बाप, म्हणे आणि धाकट्याला आगू, म्हणजे काका. कोण कुणाचे, हे कुणी विचारत नसे. विचारणे म्हणजे परक्याच्या कोठारात डोकावणे. कुंझेसने लहानपणी आईला एकदाच विचारले होते. आई लोणी घुसळत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "जेवलीस ना? मग झालं."

आबा रबग्यासने तिला मणी-भिंतीवरच्या, मंत्र कोरलेल्या दगडांतली अक्षरे गिरवायला शिकवले. तिचे बोट आपल्या बोटाखाली धरून, एकेक वळण. आगू मुटुपने गोठलेल्या नदीवरून तिला पाठीवर घेऊन शाळेत पोहोचवले. आबा जाऊन बरीच वर्षे झाली होती, आणि त्यांच्यामागोमाग आईही गेली होती. घरात उरलेल्या एका माणसाला ती शेवटपर्यंत आगू म्हणत राहिली. त्यात काही चुकीचे नव्हते. गावच तसे म्हणत होते.

दहनाचे विधी आटोपल्यावर ती पाटावर गेली. लांबूनच काहीतरी वेगळे वाटले, आणि मग लक्षात आले की आवाज नाही. दगड कोरडे होते. मुटुपने मोडलेली दारी कुणीतरी नीट ढेकळे दाबून बंद केली होती, इतकी नीट की थेंबही पाझरत नव्हता, आणि सगळे पाणी सरळ पालदनच्या नव्या टाकीकडे चालले होते. टाकी सुरेख झाली होती. सिमेंटच्या भिंती, आत काळा जाड प्लास्टिकचा कागद, आणि त्यात डोंगराचे प्रतिबिंब. एक थेंब मुरायची सोय नव्हती.

ती परतली तेव्हा आबी यांगदोल अंगणाच्या भिंतीवर बसली होती. खालच्या घरांतली सगळ्यांत म्हातारी बाई, म्हणून सगळ्या गावाची आबी, आजी. पाण्याचा डबा शेजारी ठेवून ती जपमाळ ओढत होती.

"पाहून आलीस?"

"हो, आबीले. बंद केलंय."

"करणारच. आम्ही खाली बसलोय वाट बघत, ते वरून कुणाला दिसतंय? पेरणीला झरा आटला म्हणजे दिसू. डबे घेऊन त्यांच्याच टाकीच्या दारात उभे राहू तेव्हा." तिने माळ मनगटाला गुंडाळली. "उद्या मणी-भिंतीपाशी गाव बसतंय. ह्याच पाण्याचं ठरवायला."

"मी येते. झऱ्याचं सगळं समजावून सांगते."

"सांग की. फळा आणून चित्र काढून दाखव. सगळे माना हलवतील, आणि पाणी जाईल टाकीत." म्हातारी थोडी सरकली आणि तिने भिंतीवर हात थोपटला. कुंझेस शेजारी बसली. "दगडांचं पाणी मुटुपला कसं मिळालं, ठाऊक आहे तुला?"

"पाट साफ केला म्हणून ना?"

"साफ केला! अर्धा डोंगर आला होता पाटावर, ऐन उन्हाळ्यात. सगळे म्हणाले, यंदाचा सातू गेला. ह्यानं वाट काढली. नखं राहिली नव्हती हाताला. गाव म्हणालं, माग काय पाहिजे ते. धाकटा भाऊ, नावावर ना शेत ना भिंत. आम्हाला वाटलं एखादा याक मागेल. ह्यानं काय मागावं? सुगीनंतरचं पाणी! जे कुणाला फुकटसुद्धा नको होतं ते. हसून हसून पोटं दुखली आमची. तेव्हाचा गोबा, आत्ताच्या मुखियाचा बाप, तोही हसला. म्हणाला, दिलं. तुला आणि तुझ्या पोटच्याला. त्यावर तर लोकांच्या पेल्यातली छांग सांडली. धाकट्याला कुठलं आलंय पोटचं?"

"आणि आगू?"

"तो नाही हसला. म्हणाला, बोललात, आता फिरू नका." आबी यांगदोलने डबा ओढून घेतला. "तू होतीस ना त्याच्या पाठीवर. झोपलेली. तोंडातून लाळ गळत होती."

कुंझेस भिंतीवरून उतरली. मग तिने डबा उचलून म्हातारीच्या पाठीवर चढवला आणि पट्टा सरळ केला.

"आबीले, आपल्यात हे कुणी विचारत नाही."

"विचारू नये," म्हातारी उठत म्हणाली. "सांगू नये असं कुठं आहे?"

*

मणी-भिंतीपाशी ऊन चांगले होते. पुरुष भिंतीला पाठ लावून बसले होते, बायका समोर. टकळ्या फिरत होत्या, लोकर कातली जात होती. गोबा स्तानबा, गावचा मुखिया, मध्ये बसला होता. त्याने चहा फिरवला आणि कुंझेसला आधी बोलू दिले.

ती वर्गात बोलते तशी बोलली, सावकाश आणि वाक्य पुरे करत. पेरणीच्या दिवसांत वरचे बर्फ द्यायला तयार नसते. तेव्हा झरा जे देतो ते आदल्या वर्षीचे बर्फ असते, दगडांनी राखून ठेवलेले. हिमनदी मागे सरकते आहे. आज ती भरभरून देते आहे, आणखी काही वर्षांनी हात आखडता घेईल. त्या दिवसांसाठी जमिनीत जितके जाईल तितके घालून ठेवले पाहिजे. ज्या वर्षी मुटुप लेहच्या दवाखान्यात होता आणि दगडांवर पाणी सुटले नाही, त्याच्या पुढच्या पेरणीला झऱ्याची धार करंगळीएवढी झाली होती.

"त्या वर्षी बर्फच कमी पडलं होतं, मॅडम," पालदन म्हणाला.

"तेही खरं आहे. दोन्ही कारणं असतील."

"असतील. नसतीलही." पालदनचा आवाज चढला नाही. "माझी टाकी भरली की मी काठ बघतो. कुणाला किती, ते वाटून देता येतं. जमिनीखालचं कुणी पाहिलंय? झरा उद्या डोंगराच्या पलीकडच्या गावात फुटला तर तुम्ही फिर्याद कुणावर करणार, दगडांवर?"

लोक हसले. कुंझेसही किंचित हसली.

"टाकी उन्हाळ्यात भरा," ती म्हणाली. "तेव्हा जास्तीचं पाणी नदीला जातं, सगळे बघतात. टाकीला माझी ना नाही. फक्त सुगीनंतरचं दगडांना राहू दे."

"उन्हाळ्याचं उन्हाळ्यात बघू," गोबा म्हणाला. त्याने कप खाली ठेवला. "पोरी, तू शिकलेली आहेस आणि पालदन काही मूर्ख नाही. जमिनीखालचा न्याय मला करता येत नाही. जमिनीवरचा येतो. माझ्या बापानं इथंच बसून शब्द दिला होता. मुटुपला आणि त्याच्या पोटच्याला. ती माणसं अजून जिवंत आहेत. मुटुप गेला. त्याच्या पोटचं कुणी असेल तर पाणी त्याचं, तो ते दगडांवर ओतो नाहीतर डोक्यावर. नसेल तर गावाचं, आणि मग गाव ठरवील."

"नाहीच ना कुणी," पालदन म्हणाला. "त्या घरचं मूल थोरल्याचं, सगळं गाव तसंच म्हणत आलंय. शाळेत बापाचं नाव काय लावलंस, कुंझेस?"

"रबग्यास."

"मग झालं."

बायकांच्या टकळ्या एकेक करून थांबल्या.

"पालदन," गोबा हळूच म्हणाला.

"मी काही विचारत नाहीये, गोबाले. आहे ते सांगतोय." पालदनने टोपी काढून पुन्हा घातली. तो लाल झाला होता. "तिचं शेत आहे. ते कुणी मागत नाही. पण शेत रबग्यासचं घ्यायचं आणि पाणी मुटुपचं, हे कसं व्हायचं?"

"अरे, म्हणजे इतकी वर्षं पाणी कुठं मुरत होतं ते आज कळायचं म्हणा!" मागून कुणीतरी बोलले, आणि पुरुषांच्या रांगेत हसू पसरत गेले. एकजण चहा घशात अडकून खोकू लागला. शेजाऱ्याने त्याच्या पाठीत धपाटा घातला, तेव्हा बायकाही तोंडाला बाही लावून हसल्या.

कुंझेस उभी राहिली. तिने अंगातल्या लांब गोंचाचा पट्टा सारखा केला आणि सगळ्यांचे हसून होईपर्यंत वाट पाहिली.

"हसून घ्या," ती म्हणाली. "मागच्या वेळीही हसला होतात."

आता कुणी हसले नाही. आबी यांगदोल आपल्या कपात बघत होती.

"मी तुला विचारणार नाही," गोबा म्हणाला. "आपल्यात विचारत नाहीत, आणि माझ्यापासून ती सुरुवात व्हायला नको. पण तू काही सांगितलंस तर ते मला ऐकावं लागेल. गावालाही. आणि ऐकलेलं पुन्हा मागं घेता येत नाही, तेवढं लक्षात ठेव."

तिला ठाऊक नव्हते. ज्यांना ठाऊक असेल ती तिन्ही माणसे गेली होती, आणि कदाचित त्यांनाही ठाऊक नसेल. मणी-भिंतीवरचे दगड तिच्या अगदी हाताशी होते. अक्षरांच्या खाचांत ऊन भरले होते. तिने त्यातल्या एका अक्षरावर बोट ठेवले, पहिले वळण पुरे केले, आणि बोट काढून घेतले. रबग्यासने तिला दिलेले होते ते तिच्याकडेच राहणार होते. त्याने कधी धाकट्याच्या ताटातला घास उचललेला तिला आठवत नव्हता.

"शेत आमच्या घराचं आहे," ती म्हणाली. "नाव मी रबग्यास लावते, पुढंही तेच लावीन. टाकी बांधणाऱ्याचे हात चांगले आहेत. उन्हाळ्यात ती भरायला मीही फावडं घेऊन येईन. पण उद्या सकाळी मी पाटाची दारी मोडणार आहे. हे पाणी कुणी वळवायचं नाही. माझ्या आबांचं आहे ते."

"कोणाचं?" गोबाने कानामागे हात धरला. त्याला ऐकू आले होते, हे सगळ्यांना दिसत होते.

कुंझेसने मान वर केली आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचेल अशा आवाजात पुन्हा सांगितले.

"मुटुप. माझे आबा."